पोटाचा प्रश्न

४ डिसेंबर १८८४ या तारखेचे जोतीराव फुले यांचे एक टिपण आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर देशभरातून मते मागवली होती, त्याला दिलेले ते उत्तर. त्यात फुल्यांनी आपल्या पुण्याच्या घरी चालवलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा हिशेब दिला आहे. सुरुवातीपासून तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ती ५. उरलेली ३० दगावली, आणि फुल्यांच्या मते त्याचे कारण एकच होते: गर्भ पडावा म्हणून आईने आधी घेतलेली जहाल औषधे.

बालहत्या प्रतिबंधक गृह शाळेच्या पुस्तकात असते, हा आकडा मात्र सहसा नसतो. तो नीट वाचला तर महाराष्ट्रातल्या गर्भपाताच्या इतिहासाचे एक पानच उघडते. फुल्यांच्या दारात पोचलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आधी गर्भ पाडायचा प्रयत्न केला होता, तो फसला होता, आणि मग त्या तिथे आल्या होत्या. जिचा प्रयत्न यशस्वी झाला किंवा जी त्या औषधाने स्वतःच गेली, तिची नोंद कुणाच्याच वहीत नाही.

गृह सुरू होण्यामागची घटना फुल्यांनी त्याच टिपणात सांगितली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. त्यांच्याच सांगण्यावरून तिने नाना औषधे घेतली, पण गर्भ पडला नाही. दिवस भरल्यावर मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने तो मारला आणि घरामागच्या विहिरीत टाकला. खटला पुण्याच्या सेशन कोर्टात चालला, काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे साल १८६३. इंडियन पिनल कोड लागू होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. त्याच्या ३१२व्या कलमाने, बाईचा जीव वाचवण्याचे कारण सोडले तर, गर्भपात हा गुन्हा ठरवला होता आणि स्वतः गर्भ पाडणाऱ्या बाईलाही गुन्हेगार मानले होते.

काशीबाई स्वयंपाकीण होती, ही गोष्ट या हकिगतीत ओझरती येते, पण सगळे तिथेच अडलेले आहे. एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा नसे, तिला मिळे ते अन्नवस्त्र. तेही ती ‘शुद्ध’ राहील तोवर. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मुभा दिली खरी, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे. म्हणजे दिवस गेले की जात बहिष्कार घाले, घर बाहेर काढे आणि कायदा तिच्या दोन वेळच्या जेवणाचा आधार काढून घेई. माहेरी परतावे तर भावाच्या पोरींची लग्ने अडत. उरे ती परक्यांच्या चुलीपुढची नोकरी, किंवा विहीर. ज्या औषधांनी ती तीस मुले गेली, ती त्या बायकांनी भाकरी टिकवण्यासाठी घेतली होती. लोकलाज होतीच, पण लोकलाजेला धार आली होती ती भाकरीमुळे.

जोतीराव-सावित्रीबाईंनी याच जागेवर बोट ठेवले. गृहाची जाहिरात त्यांनी पुण्यात भिंतींवर लावली: विधवांनो, इथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्यावे की ठेवावे ही तुमची मर्जी. ही मर्जी बाईला बहाल करणारे वाक्य पुण्याच्या भिंतीवर त्याआधी कुणी लावले असेल असे वाटत नाही. १८७४ साली आलेल्या आणखी एका काशीबाईचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अशा मुलांसाठी आश्रम काढला. तीर्थक्षेत्री सोडून दिलेल्या बायका आणि टाकून दिलेली मुले यांना तिथे कधीच तोटा नव्हता.

लोकमत काय होते? ते जाणायला १८८१ सालचे सुरतेचे प्रकरण पाहावे. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांत वाद पेटला. ‘पुणे वैभव’ने त्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्या ‘बेताल’ वागण्यावरच तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला जे उत्तर लिहिले ते १८८२ साली पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ या नावाने छापले गेले. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा सवाल. बाई एकटीच पाप करते कशी, आणि शिक्षाही एकटीच कशी भोगते, हे त्यांनी इतक्या रोखठोक मराठीत विचारले की आजही ते पान वाचताना अंगावर येते. समाजाने उत्तर दिले ते टीकेने आणि मौनाने. फुल्यांनी मात्र आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली.

पुढची चाळीस वर्षे हा विषय दबूनच राहिला. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत गिरगावात संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी उघडले होते. वडील धोंडो केशव विधवांना शिकवून पायांवर उभे करत होते. मुलगा एक पाऊल पुढे गेला: शिकलेली बाईसुद्धा दर दोन वर्षांनी बाळंत होत राहिली तर ती उभी कशी राहणार? या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले अंगावर घेतले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला हरले, पण त्या काळात असल्या मासिकासाठी कोर्टात उभे राहायला वकील मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

आंबेडकरांना हा प्रश्न नवा नव्हता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूतिरजेचे बिल आले तेव्हा त्यांनी त्याची पाठराखण केली. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि जो मालक तिच्या श्रमातून नफा कमावतो त्याने या खर्चाचा काही भार उचललाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली कायदा झाला. गर्भ, मजुरी आणि मालकाची जबाबदारी या सभागृहात एका ओळीत मांडली गेली.

त्याच मुंबईच्या विधानसभेत नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आला. आंबेडकरांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला त्यांच्यातला कुणी तयार झाला नसता, असा त्यातला एक मुद्दा होता. ठराव मोठ्या फरकाने पडला. गिरणीत राबणाऱ्या बाईला रजा द्यायला सभागृह तयार होते; मूल हवे की नको हे तिने ठरवावे याला नव्हते. आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या बिलामुळे हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला होता, पण तोही हयातीपुरता. पूर्ण मालकीला १९५६ उजाडावे लागले.

स्वतंत्र भारतात गर्भपाताचा कायदा बदलला तो बायकांच्या मोर्चांमुळे नव्हे. १९६४ साली केंद्राने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ च्या अहवालातला अंदाज हादरवणारा होता: पन्नास कोटींच्या देशात वर्षाला ६५ लाख गर्भपात, आणि त्यांतले ३९ लाख मुद्दाम घडवून आणलेले. शंभर वर्षे कायद्याने गुन्हा असूनही ही संख्या. सुईणी, काड्या, मुळ्या, औषधे. फुल्यांच्या वहीतले जग तसेच चालू होते. १९७१ चा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. वीस आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या मताने, गर्भपात कायदेशीर झाला. सज्ञान बाईच्या एकटीच्या संमतीवर तो होतो, नवऱ्याची सही लागत नाही. हे कलम काळाच्या पुढचे होते, आणि आजही अनेक दवाखाने ते विसरतात.

पण गर्भनिरोधक साधन फसले तर, ही सवलत त्या कायद्याने फक्त विवाहित बाईला दिली. ज्या विधवेसाठी महाराष्ट्रात हा सगळा विषय सुरू झाला, तीच त्या वाक्याबाहेर राहिली. २०२१ च्या दुरुस्तीत ‘विवाहित’ आणि ‘नवरा’ हे शब्द गेले. चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा कुणाला, याच्या यादीत गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेली बाई आली. अविवाहितेलाही तोच हक्क आहे, हे २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितले.

मधल्या काळात लोकमताला दुसरेच वळण लागले होते. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेचा धंदा फोफावला. आज पाचशे रुपये खर्चा, पुढचे पन्नास हजार वाचवा, अशा जाहिराती झाल्या. त्यातला हिशेब हुंड्याचा होता, म्हणजे पुन्हा पैशाचाच. महिला संघटनांच्या लढ्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. २०११ च्या जनगणनेत तरीही बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. मग कारवाईचा बडगा असा फिरला की लिंगनिदान आणि गर्भपात यांतला फरकच अनेकांच्या मनातून पुसला गेला. औषधविक्रेते कटकट नको म्हणून गर्भपाताच्या गोळ्या ठेवीनात. ज्या बाईचा गर्भाच्या लिंगाशी काही संबंध नाही तीही गुन्हेगारासारखी हिंडू लागली. मुलगी नकोशी होण्याचे कारण हुंडा आणि वारसाहक्क यांत आहे. ते तसेच ठेवून गोळ्यांवर पहारा बसवणे हा अन्याय आहे.

त्याच बीडमध्ये २०१९ साली दुसरी गोष्ट उघडकीस आली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला की दंड बसतो. पाळीचा त्रास, अंगावर जाणे, बाळंतपण, गर्भपातानंतरची विश्रांती, सगळेच खाड्यात मोजले जाते. सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

खाड्याचा दंड मात्र त्या परवानगीने थांबला नाही. प्रसूतिरजेचा कायदा या बायकांपर्यंत पोचत नाही, कारण मजुरी कोयत्याला मिळते, बाईच्या नावाने नाही. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी मध्यस्थ. १९२८ साली मुंबईच्या सभागृहात ज्या मालकाकडून खर्च मागितला गेला होता, तो मालक ऊसतोड बाईच्या बाबतीत अजून कागदावर सापडलेला नाही.