पडद्यावर पडला, घरात तरला: ‘ब्लेड रनर’ची कथा

१/ विज्ञान-कादंबरीवरचा चित्रपट चित्रपटगृहात पाहावा की घरी? हा वाद ओटीटीमुळे जन्मला, असा समज आहे. प्रत्यक्षात तो चाळीस वर्षांहून जुना आहे. ‘ब्लेड रनर’ हा त्याचा बोलका साक्षीदार. 🧵

२/ फिलिप के. डिक या अमेरिकी लेखकाची ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. माणूस आणि हुबेहूब माणसासारखे यंत्र यांत भेद कशावरून करायचा, हा तिचा गाभा. रिडली स्कॉट यांनी तिच्यावर चित्रपट केला. मात्र तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, २ मार्च १९८२ रोजी, डिक यांचे निधन झाले.

३/ त्याच महिन्यात डेन्व्हर आणि डॅलस येथे चाचणी खेळ झाले. प्रेक्षक गोंधळले. धास्तावलेल्या निर्मात्यांनी नायकाच्या आवाजातील निवेदन जोडले आणि शेवट गोड केला. त्या शेवटातील डोंगरांची हवाई दृश्ये कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन न वापरलेली होती!

४/ २५ जून १९८२ रोजी चित्रपट लागला. दोनच आठवड्यांपूर्वी ‘ई.टी.’ने प्रेक्षकांना वेड लावले होते. त्या लोभस पाहुण्यापुढे पावसात भिजलेले, काळोखे लॉस एंजेलिस फिके ठरले. चित्रपट पडला.

५/ त्याच काळात न्यायालयात एक वेगळी लढाई चालू होती. ‘ई.टी.’ची निर्माती युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ साली सोनीच्या बेटामॅक्स यंत्राविरुद्ध दावा लावला होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. व्हिडिओ यंत्रावरील सावट दूर झाले.

६/ या यंत्राने प्रेक्षकाला कादंबरीच्या वाचकाचा हक्क दिला: थांबण्याचा, मागे जाण्याचा, पुन्हा पाहण्याचा. एका खेळात निसटणारे बारकावे घरी सापडू लागले. पडलेल्या चित्रपटाला निष्ठावंत चाहते लाभले.

७/ पण याची किंमतही होती. चौकोनी टीव्हीवर बसवताना रुंद चित्रचौकटीच्या कडा सहसा कापल्या जात. १९८७ साली क्रायटेरियनच्या लेझरडिस्कने पूर्ण चौकट घरात आणली. तरी पडदा लहान तो लहानच.

८/ १९९० साली लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहात चुकून जुनी, निवेदन जवळजवळ नसलेली प्रत दाखवली गेली. रसिक भारावले. १९९२ साली निवेदन आणि गोड शेवट वगळलेली ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्ती चित्रपटगृहांत आली. २००७ साली ‘फायनल कट’. घरात जमलेल्या चाहत्यांनीच चित्रपटाला मोठ्या पडद्यावर परत नेले.

९/ पुढे इतिहासाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. डिसेंबर २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने २०२१चे आपले चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांत आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आणण्याचे जाहीर केले. त्यात फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५च्या कादंबरीवरील ‘ड्यून’ही होता. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांनी जाहीर विरोध केला. ‘ब्लेड रनर २०४९’ही त्यांचाच.

१०/ ‘ड्यून’चा पूर्वार्ध चालला नसता, तर उत्तरार्ध निघण्याची खात्री नव्हती. २२ ऑक्टोबर २०२१ला तो अमेरिकेत लागला आणि चारच दिवसांत उत्तरार्धाची घोषणा झाली.

११/ ‘ब्लेड रनर’ला मात्र दहा वर्षे थांबावे लागले. चित्रपटगृह कलाकृतीला तिची भव्यता देते आणि घर तिला सवड देते. १९८२ साली जे एका आठवड्यात हरले, ते सवडीच्या बळावर जिंकले.