भग्नावशेषाचे प्रेक्षक

रोमच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर पडणारा प्रवासी रस्ता ओलांडण्यापूर्वीच थबकतो, कारण कमानींवर कमानी चढवीत सुमारे 48 मीटर उंच गेलेली कोलोसियमची भिंत एकाएकी त्याच्या पुढ्यात येते. आणि तिकीट, रांग, झडती हे सारे सोपस्कार उरकून तो आत शिरतो तेव्हा आपण एक पुरातन वास्तू पाहावयास आलो आहोत, एवढेच त्याच्या मनात असते. परंतु ही वास्तू पाहावयास येण्याच्या रीतीलाही एक कुळ आहे, आणि ते ठाऊक असल्यावाचून समोरचे दगड पुरते दिसत नाहीत असे मला वाटते. कारण आज तेथे जे उभे आहे ते बांधणाऱ्यांनी जितके घडविले तितकेच पुढे पाहावयास येणाऱ्यांनीही घडविले आहे.

मूळ प्रेक्षक अर्थात रोमन. इ. स. पू. 264 मध्ये ब्रूटस पेरा नामक सरदाराच्या अंत्यविधीप्रसंगी त्याच्या पुत्रांनी गुरांच्या बाजारात योद्ध्यांच्या तीन जोड्या झुंजविल्या, हा रोम शहरातील अशा खेळाचा सर्वांत जुना दाखला. मृताच्या सन्मानार्थ सुरू झालेली ही चाल लवकरच जिवंतांच्या लोकप्रियतेचे साधन झाली. उमेदवार मते मिळविण्यासाठी खेळ लावू लागले, आणि बाजारपेठेच्या चौकात तात्पुरत्या लाकडी बैठकी ठोकल्या जाऊ लागल्या. पॉम्पेईसारख्या लहानशा नगराने इ. स. पू. 70 च्या सुमारास दगडी रंगमंडल बांधले, तरी खुद्द राजधानीत बराच काळ लाकडावरच भागत असे. त्या लाकडाची किंमत इ. स. 27 मध्ये रोमजवळच्या फिडेनी गावी कळून आली. आटिलियस नावाच्या एका मुक्त गुलामाने पैशाच्या लोभाने, पायाची बळकटी न पाहता, रंगमंडल उभारले आणि ते भरगच्च असताना कोसळले. मेलेल्यांची व जायबंदी झालेल्यांची संख्या रोमन इतिहासकार टॅसिटस पन्नास हजार देतो. त्यानंतर सिनेटने ठराव केला की चार लाख सेस्टर्सपेक्षा कमी मिळकत असलेल्याने असे खेळ करू नयेत, आणि जमिनीच्या भक्कमपणाची खात्री झाल्याशिवाय रंगमंडल बांधू नये.

कोलोसियमची जागा निवडण्यामागे राजकारण होते. इ. स. 64 च्या आगीनंतर नीरोने शहराच्या मध्यभागी आपला सुवर्णप्रासाद उभारला आणि त्याच्या बागेत एक सरोवर खोदविले. गृहयुद्धानंतर तख्तावर आलेल्या वेस्पासियनने ते सरोवर आटवून, जी भूमी एका माणसाच्या विलासाखाली गेली होती ती लोकांच्या करमणुकीसाठी मोकळी केली. इ. स. 80 मध्ये त्याचा पुत्र टायटस याने शंभर दिवसांच्या खेळांनी तेथे उभारलेल्या रंगमंडलाचे उद्घाटन केले. 189 मीटर लांब व 156 मीटर रुंद अशा या लंबवर्तुळाला 80 द्वारे होती, त्यांपैकी 76 द्वारांवर क्रमांक कोरलेले होते, आणि उत्तरेकडे शिल्लक राहिलेल्या कमानींवर ते अद्याप वाचता येतात. प्रेक्षकाने आपल्या क्रमांकाच्या द्वाराने शिरावे, ठरलेल्या जिन्याने चढावे आणि आपल्या दर्जाच्या पायरीवर बसावे, असा बंदोबस्त होता. सिनेटर अगदी पुढे, त्यांच्यामागे अश्वारोही वर्ग, मग नागरिक, आणि स्त्रिया व गुलाम सर्वांत वर, जेथून खालचा माणूस बोटाएवढा दिसावा. समाजाची उतरंड दगडात इतकी उघडपणे क्वचितच मांडली गेली असेल.

पाचव्या शतकात योद्ध्यांच्या झुंजी बंद पडल्या, सहाव्या शतकाच्या प्रथम चरणानंतर श्वापदांच्या शिकारीही थांबल्या, आणि मग जे प्रेक्षक आले त्यांची दृष्टी दगडाच्या उपयोगावर होती. मध्ययुगात फ्रांजिपाने घराण्याने येथे गढी केली. 1349 च्या भूकंपात दक्षिण बाजूची बाह्य भिंत ढासळली, आणि तो ढीग रोमच्या नव्या इमारतींची खाण झाला. पोप पाचव्या निकोलसच्या कारकीर्दीत, 1452 च्या सुमारास, एका वर्षात अडीच हजार गाड्या दगड येथून हलविल्याची नोंद आहे. दगडांना सांधणारे लोखंडी आकडे उपटून काढल्याच्या खुणा म्हणून जी अगणित भोके आज भिंतीवर दिसतात त्यांकडे पाहून पुष्कळ प्रवासी तोफांचे घाव समजतात.

या लुटीला पायबंद घातला तो भक्तीने. येथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे रक्त सांडले या श्रद्धेने चौदाव्या बेनेडिक्ट पोपने अठराव्या शतकाच्या मध्यास ही भूमी पवित्र म्हणून घोषित केली, मध्ये क्रूस उभारला आणि भोवती येशूच्या दुःखयात्रेची चौदा स्थाने मांडली. नेमका कोण हुतात्मा येथे मेला याचा भक्कम पुरावा नाही; पण येथे माणसे मारली गेली एवढे त्या क्रूसाने विसरू दिले नाही, आणि हे त्याचे मोठेच कार्य होय.

त्यानंतर आला खरा पर्यटक. 1787 च्या फेब्रुवारीत गटेने चांदण्यात हे रंगमंडल पाहिले आणि आत राहणाऱ्या एका बैराग्याची व कमानींतून वस्ती केलेल्या भिकाऱ्यांची हकीकत लिहून ठेवली. बायरनने 1817 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नाट्यकाव्यात चांदण्यातील कोलोसियम आणले, आणि तेव्हापासून रात्री चंद्रप्रकाशात येथे येणे हे सुशिक्षित युरोपीयाचे जवळजवळ कर्तव्य होऊन बसले. त्यात धोकाही होता: हेन्री जेम्सच्या 1878 च्या कथेतील तरुण नायिका येथेच रात्री उशिरापर्यंत थांबून रोमच्या तापाने दगावते. हा ताप दूषित हवेने येतो असे सर्वजण मानीत. 1897 मध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि पुढच्याच वर्षी खुद्द रोममध्ये ग्रासीने तो डास अॅनाफिलीस जातीचा असल्याचे दाखविले, तेव्हा कुठे चांदणे निर्दोष ठरले.

त्या काळचे कोलोसियम हिरवे होते. रिचर्ड डीकिन नामक इंग्रज वैद्याने 1855 मध्ये त्याच्या भिंतींवर व पायऱ्यांवर उगवलेल्या 420 वनस्पतींचे एक ग्रंथभर वर्णन प्रसिद्ध केले. इटलीच्या एकीकरणानंतर, 1870 च्या दशकात, नव्या सरकारने हा सारा झाडोरा उपटून टाकला, क्रूस व चौदा स्थाने हलविली आणि रंगभूमीचा तळ खोदला. भाविकांनी निषेध केला, चित्रकार हळहळले, आणि खणलेल्या खड्ड्यात पाणी साचून राहिले. त्या वनस्पतींचे जाणे मलाही लागते. मुळ्यांनी सांधे फुटतात हे खरे, परंतु भिंतींची एवढी निर्मम हजामत करण्यावाचून गत्यंतरच नव्हते असे वाटत नाही. तथापि त्या खोदकामाने जे उघडे पडले, ते चांदण्यातल्या प्रवाशांना कधीच दिसले नव्हते.

ते म्हणजे टायटसनंतरच्या सम्राट डोमिशियनच्या अंमलात बांधलेले तळघर. लाकडी फळ्या व वाळू यांच्या खाली समांतर गल्ल्या, पिंजऱ्यांसाठी अरुंद खण, आणि माणसांनी चक्रे फिरवून वर खेचावयाचे पाळणे होते. त्यांतून वाघ-सिंह, देखावे आणि मृत्युदंड झालेले कैदी वरच्या झडपांतून एकाएकी प्रकट होत. पन्नास हजार लोकांचा तो अचंबा खालच्या अंधारातील श्रमांवर उभा होता. 1930 च्या दशकात हा भाग पूर्णपणे मोकळा करण्यात आला आणि 2021 पासून लाकडी वाटेने त्यात उतरण्याची मुभा मिळाली आहे. तिकीट मात्र वेगळे घ्यावे लागते, आणि बहुतेक प्रवासी ते न घेता वरच्या मजल्यावरून छायाचित्रे काढून परततात.

आत आणखी एक शिळा ठेवलेली आहे, जिच्यापुढे फारसे कोणी रेंगाळत नाही. तिच्यावर पाचव्या शतकातील दुरुस्तीचा लेख कोरला आहे; पण त्या अक्षरांच्या आड जुनी भोके आहेत, ज्यांत त्यापूर्वीच्या एका लेखाची कांस्याक्षरे खिळ्यांनी बसविली होती. केवळ त्या भोकांच्या जागा मोजून गेझा आल्फोल्डी या पुराभिलेखज्ञाने 1995 मध्ये मूळ मजकूर जुळविला. त्याचे वाचन असे की हे नवे रंगमंडल सम्राट वेस्पासियनने युद्धातील लुटीच्या द्रव्यातून उभारविले. ते युद्ध यहुद्यांवरचे, आणि ती लूट इ. स. 70 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमची, हे बहुतेक विद्वानांना मान्य आहे. तेथील मंदिराची सप्तशाख दीपिका वाहून नेणारे सैनिक कोलोसियमपासून काही पावलांवर, टायटसच्या कमानीच्या आतल्या अंगाला, आजही कोरलेले दिसतात, आणि ती कमान पाहावयास जाणाऱ्याने ही शिळा आधी पाहिलेली असावी.