जिस्ट कार्ड : संगणकावरील देवनागरीचा एक टप्पा

पुण्याच्या सी-डॅकचे नाव १९९१ च्या 'परम ८०००' या महासंगणकामुळे सर्वपरिचित आहे. मराठीच्या दृष्टीने मात्र याच संस्थेचे 'जिस्ट कार्ड' अधिक मोलाचे होय. या तंत्रज्ञानाचा उगम आयआयटी कानपूर येथे झाला व सी-डॅकने ते पुढे विकसित केले.

डॉस प्रणालीत पडद्यावरील प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची चौकट असे. जोडाक्षरे व वेलांट्या तीत मावत नसत. संगणकाच्या आत हे कार्ड बसविल्यावर अक्षरे घडविण्याचे काम कार्डच करी. त्यामुळे वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही मराठी मजकूर भरता येई. लिपीचा प्रश्न येथे प्रथम हार्डवेअरने सोडविला, याकडे भाषेच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

या कार्डासोबत इनस्क्रिप्ट कळफलक रुजला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. हाच क्रम इतर भारतीय लिप्यांनाही लागू. मराठी टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना तो अवघड गेला असल्यास नवल नाही. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आल्यावर अशा कार्डाची गरज उरली नाही. इनस्क्रिप्ट मात्र आजच्या विंडोजमध्येही उपलब्ध आहे.