साहेबाचे ओटे आणि बाईंचा कॅमेरा

विजयदुर्गला गेलात तर किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' तुम्हाला हमखास दाखवतील. हा साहेब म्हणजे नॉर्मन लॉकयर. १८६८ साली त्याने इथूनच हेलियम शोधला, असंही सांगतील. प्रत्यक्षात १८६८ साली लॉकयर इंग्लंडातच होता. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. सोबत मोठमोठी उपकरणं, मदतीला 'मेल्पोमीनी' युद्धनौकेचे खलाशी. असो. मला सांगायचंय ते त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका तळाबद्दल.

चंद्राची सावली कोकण ओलांडून ईशान्येला वऱ्हाडात गेली. तिथे तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींच्या गटात ॲनी माँडर होती.

जन्म १८६८, आयर्लंड. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. परीक्षेत चमकली, पण बायकांना तेव्हा केंब्रिज पदवीच देत नसे. १८९१ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत महिना ४ पौंडांवर लागली. पदाचं नाव काय? तर 'कॉम्प्युटर'! आपण दिवसभर ज्याच्यापुढे बसतो, तो तेव्हा हाडामांसाचा असायचा. सूर्याचे फोटो काढायचे, डाग मोजायचे, हे तिचं काम. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडरशी लग्न केलं आणि नियमानुसार नोकरी सोडावी लागली. नवऱ्याची अर्थातच चालू राहिली.

मग तिने गर्टनच्या अनुदानातून स्वतःचा कॅमेरा घेतला. लेन्स जेमतेम दीड इंचाची! पण गंमत अशी, की कमी फोकल लेंग्थची लेन्स आकाशाचा मोठा तुकडा टिपते आणि अंधुक प्रकाशही काचेवर दाट उमटवते. तळणीला जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात तिने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक प्रचंड लांब किरण पकडला. तोवर फोटोत एवढा लांब किरण कुणाला मिळाला नव्हता.

पुढे १९०८ मध्ये 'द हेव्हन्स अँड देअर स्टोरी' हे सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक आलं. कव्हरवर दोघांची नावं, पण हे जवळपास सगळं बायकोचंच काम आहे, असं वॉल्टरने प्रस्तावनेत लिहून टाकलं. भला माणूस! रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने मात्र १८९२ मध्ये तिला नाकारलं होतं. दार उघडलं १९१६ मध्ये.

आपल्याकडे कोड कुणी लिहिला ते लॉगमध्ये राहतं. ॲनीच्या कामाचा लॉग म्हणजे वॉल्टरची ती प्रस्तावना आणि तळणीचा तो फोटो. साहेबाचे ओटे जरूर बघा, पण हेही नाव लक्षात असू द्या.