मुदतीचा पहिला दिवस

आमगाव-देवरीकडे सोमवारी ‘आठ दिवसांनी या’ म्हटले, की पाहुणा पुढच्या सोमवारीच येतो. कारण आपण आजचा दिवसही मोजतो. कायद्याचे गणित निराळे. इंग्रजी अमदानीतल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने ठरविले, की ‘फ्रॉम’ म्हणजे ‘पासून’ हा शब्द आला, की पहिला दिवस वगळायचा. तो कायदा आजही चालू आहे. म्हणून २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालचा निर्णय १ जूनला हाती पडला, तर पहिल्या अपिलाचे ३० दिवस ३० जूनला नव्हे, १ जुलैला पुरे होतात. त्या दिवशी कचेरी बंद असली, तर ती उघडेल तो दिवस चालतो. तेव्हा बोटांवर मोजून, ‘मुदत टळली’ म्हणत हातचे अपील सोडू नका बरे! गुरुजींनो, एवढा हिशेब मुलांनाही जरूर शिकवा.