तबकडींतून आलेली विद्या

लिनक्स हें नांव श्रोत्यांपैकीं अनेकांनीं घरांतील मुलांच्या तोंडीं ऐकलें असेल. संगणक चालविणारी ही एक कार्यप्रणाली होय. शाळेंत कोणत्या तासास कोणता वर्ग कोठें बसावा, प्रयोगशाळा कोणास मिळावी, हें जसें वेळापत्रकानें ठरतें, तसें संगणकाच्या अंतरंगांतील सारें काम ही प्रणाली ठरविते. मुंबईच्या उपनगरांतील विद्यार्थ्यांपर्यंत ती कशी पोंचली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा जन्म एका विद्यार्थ्याच्याच हातून झाला. फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणारा लिनस टोरवाल्ड्स त्या वेळीं २१ वर्षांचा होता. प्राध्यापक टॅनेनबॉम यांनीं १९८७ सालीं शिकविण्यासाठीं रचलेली मिनिक्स ही छोटी प्रणाली तो वापरीत असे. तिनें त्याचें समाधान होईना. तेव्हां त्यानें स्वतःच नवी रचावयास घेतली आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजीं ती वार्ता जाहीर केली. १९९२ सालीं त्यानें ती रिचर्ड स्टॉलमन यांनीं प्रवर्तिलेल्या मुक्त परवान्याखालीं आणली. ही गोष्ट मला प्रणालीच्या जन्माहूनही मोठी वाटते. पूर्वीं तिच्या प्रतींबद्दल पैसे घेण्यास मनाई होती. आतां कोणींही तिची नक्कल करावी, वाटावी, विकावी, आंतील मजकूर वाचावा व बदलावा. अट एवढीच कीं, प्रत दुसऱ्यास दिल्यास त्यासही तेच हक्क द्यावे.

या अटीचें मोल त्या काळच्या मुंबईकडे पाहिल्यावांचून कळणार नाहीं. सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट येथें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें, पण तें टेलिफोनच्या तारेवरून, मंद आणि महाग. एवढी मोठी प्रणाली त्यावरून उतरवून घेणें विद्यार्थ्यास कोठून परवडणार? १९९६ सालीं पीसी क्वेस्ट या मासिकानें लिनक्सची सीडी, म्हणजे तबकडी, अंकासोबत दिली. विकत मिळणाऱ्या अंकासोबत ती देतां आली, ती या परवान्यामुळेंच. मग एका घरची तबकडी दुसऱ्या घरीं जाण्यास कायद्याची आडकाठी उरली नाहीं. त्या काळीं विकतच्या प्रणालींच्या चोरट्या नकला सर्रास चालत. विद्येचा आरंभ चोरीच्या मालानें व्हावा आणि त्याचें कोणास कांहीं वाटूं नये, हें शिक्षकास बोचल्यावांचून राहत नाहीं. लिनक्सनें गरीब मुलास प्रामाणिक राहण्याची सोय करून दिली.

अंधेरीला लागून असलेल्या जुहूस १९८५ सालीं स्थापन झालेली एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. तेथें इंडिक्स या प्रकल्पांत लिनक्सवर भारतीय लिप्या उमटविण्याचें काम झालें. काम वाटतें तितकें सोपें नव्हे. ‘कि’ म्हणतांना क आधीं आणि इ मागून. लिहितांना मात्र वेलांटी आधीं! जोडाक्षरांची तऱ्हा तर आणखी निराळी. प्रणालीचा मूळ मजकूर खुला होता, म्हणून येथील लोकांस त्यांत हात घालतां आला. मालकाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाहीं. ती संस्था २००३ सालीं सी-डॅकमध्यें विलीन झाली.

पुढें २०१६-१७ च्या अभ्यासक्रमांत मुंबई विद्यापीठानें संगणकशास्त्राच्या बी.एस्सी. पहिल्या वर्षास लिनक्स हा स्वतंत्र विषय ठेवला. परीक्षेंत विषय आला कीं पाठांतरही येतें. आज्ञा घोकून लिहिणारीं मुलें निघालीं असतील, तर नवल नाहीं. त्यावर पवईच्या आयआयटींतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाचा उतारा मला अधिक भावतो. सुमारें १० मिनिटांचे हे बोलके पाठ मराठींतही आहेत. मुलुंडचा विद्यार्थी तो आवाज मध्येंच थांबवून तीच आज्ञा आपल्या यंत्रावर चालवून पाहतो, चुकतो, आणि पाठ मागें नेऊन पुन्हां ऐकतो.