परसातील कोंबडी व जातीची निवड : नेरूळ–उरण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

घरच्या परसात आठ-दहा कोंबड्या पाळावयाच्या झाल्यास कोणती जात निवडावी, हा प्रश्न सामान्यतः पशुसंवर्धन शास्त्राचा मानला जातो. वार्षिक अंडी, वजन, खाद्य आणि रोगप्रतिकारशक्ती यांचे कोष्टक मांडले की उत्तर मिळते, अशी समजूत आहे. परंतु 'चांगली कोंबडी' कोणती हे ठरविण्याचा अधिकार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घरातील स्त्रीकडून शासनाकडे, शासनाकडून कंपनीकडे आणि आता पुन्हा अंशतः घराकडे सरकत गेला आहे. प्रत्येक टप्प्यावर निवडीचा निकष बदलला. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेतला असून नेरूळ व त्याच्या शेजारील उरण पट्ट्याच्या संदर्भात त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

गावठी कोंबडी : निवडीची घरगुती परंपरा

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, हे मत चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडले व पुढील संशोधनाने ते मान्य झाले. मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले आहे. हा पक्षी सह्याद्रीच्या जंगलात आजही आढळतो. म्हणजेच जगभरच्या कोंबड्यांच्या घडणीत भारतीय द्वीपकल्पातील या रानपक्ष्याचाही वाटा आहे.

आपल्या प्रदेशात कोंबड्यांची जाणीवपूर्वक पारख जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात कोंबड्यांच्या झुंजीचे वर्णन येते. ही पारख राजदरबारची होती आणि तिचा निकष झुंजारपणा हा होता. असील ही जात याच अभिरुचीचे अपत्य आहे.

घराच्या परसातील पारख निराळी होती. ज्याला आपण गावठी कोंबडी म्हणतो ती शास्त्रीय अर्थाने एक जात नव्हे. रंग, आकार व तुऱ्याची ठेवण यांत एकाच घरातील कोंबड्यांतही फरक असतो. तरीही तिच्यामागे निवड होती. कोणती कोंबडी वेळेवर खुडूक बसते, एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही, पिल्लांना घारीपासून व मुंगसापासून राखते, हे घरातील स्त्री पाहत असे. अशा कोंबडीला राखले जाई. कोणता कोंबडा ठेवायचा, कोणता गावदेवीच्या मानाला वा पाहुण्यांसाठी काढायचा, हा निर्णयही बहुधा तिचाच असे. वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देणारी ही कोंबडी कोष्टकात मागे पडते. परंतु तिला विकतचे पिल्लू लागत नाही, उबवणी यंत्र लागत नाही आणि खाद्याचा खर्च जवळजवळ नसतो. भाताचा कोंडा, खळ्यावरचे सांडलेले दाणे, किडे-मुंग्या व स्वयंपाकघरातील उरलेसुरले यांवर ती जगते. अंड्यांचे व कोंबड्यांचे पैसे हे स्त्रीच्या हातातील पैसे असत, ही बाब आर्थिक इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही.

शासन, मिशनरी आणि विदेशी जाती

विसाव्या शतकाच्या आरंभी निवडीचा दुसरा निकष आला. संयुक्त प्रांतातील एटा येथे १९१२ च्या सुमारास मिशनरींनी कुक्कुटपालन केंद्र सुरू केले व विदेशी कोंबडे गावोगाव देऊन देशी कोंबडीची 'सुधारणा' करण्याचा प्रयत्न केला. १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगानेही कुक्कुटपालनाची दखल घेतली. स्वातंत्र्यानंतर हीच दिशा पंचवार्षिक योजनांनी स्वीकारली. मुंबईत आरे येथे केंद्र शासनाचे कुक्कुट प्रजनन केंद्र उभे राहिले. व्हाईट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रलॉर्प ही नावे मराठी शेतकऱ्याच्या परिचयाची झाली.

येथे निकष होता वर्षाला मिळणाऱ्या अंड्यांचा. लेगहॉर्न दोनशेहून अधिक अंडी देते, हे खरे. परंतु ती खुडूक बसत नाही. तिची अंडी उबविण्यासाठी दुसरी कोंबडी किंवा यंत्र लागते. तिचा पांढरा रंग मोकळ्या परसात शिकारी पक्ष्याच्या नजरेत भरतो. शिवाय १९२०च्या दशकाच्या अखेरीस राणीखेत येथे ओळखला गेलेला व मराठी मुलखात मानमोडी म्हणून परिचित असलेला रोग लसीकरणावाचून संपूर्ण खुराडे रिकामे करतो. सुधारित कोंबडीसाठी लस, खाद्य व पिल्लांचा पुरवठा या तिन्ही गोष्टी शासनाने नियमित देणे आवश्यक होते. त्या जेथे पोहोचल्या तेथे या जाती टिकल्या. इतरत्र त्यांचे रक्त गावठी कळपात मिसळून गेले.

कंपनीची कोंबडी

१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे पुणे हे या उद्योगाचे केंद्र बनले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अस्तित्वात आली. या उद्योगाने अंडी व मांस सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, हे निर्विवाद आहे. मात्र जातीची निवड आता पाळणाऱ्याच्या हाती राहिली नाही. संकरित पक्ष्याची पुढील पिढी तेच गुण दाखवीत नाही. त्यामुळे प्रत्येक खेपेला पिल्ले विकत घेणे भाग पडते.

यातील एक ऐतिहासिक विसंगती लक्षणीय आहे. ब्रॉयलरच्या घडणीत कॉर्निश जातीचा मोठा वाटा आहे आणि इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे ही जात तयार करताना भारतीय असीलचा उपयोग केला गेला. झुंजीसाठी जोपासलेली रुंद छातीची देशी कोंबडी अशा रीतीने परदेशी होऊन ब्रॉयलरच्या रूपाने परत आली. 'देशी' आणि 'विदेशी' ही विभागणी म्हणूनच रक्ताची नसून मालकीची आहे.

नेरूळ : परसाचाच लोप

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आली. नेरूळ त्यांपैकी एक. आगरी व कोळी समाजाची भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर या पट्ट्याचे जीवन उभे होते. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनात पाच जण गोळीबारात मृत्युमुखी पडले आणि पुढे साडेबारा टक्के जमीन परताव्याचे धोरण आले. या इतिहासावर बरेच लेखन झाले आहे. त्यात शेत, घर व नोकरी यांचा हिशेब येतो. परसाचा हिशेब मात्र येत नाही.

भातशेती गेली म्हणजे खळे गेले, कोंडा गेला. गावठाणात कुटुंबे वाढली व घरे उंच झाली तसे मोकळे अंगणही आटले. गावठी कोंबडी ज्या अर्थव्यवस्थेची भागीदार होती ती अर्थव्यवस्थाच उरली नाही. कोंबडीचे महत्त्व मात्र संपले नाही. गटारीला, गावदेवीच्या जत्रेला गावठी कोंबडाच हवा असा आग्रह आजही असतो. फरक एवढाच, की पूर्वी तो घरातून येई, आता बाजारातून अधिक दराने येतो. 'गावठी' हा शब्द घरच्या पक्ष्याऐवजी बाजारातील एका दर्जाचा वाचक झाला आहे.

परसाकडे पुनरागमन आणि नवे धोके

परसासाठी स्वतंत्र जात असावी, हा विचार शास्त्रज्ञांनी उशिरा स्वीकारला. बंगळूर येथील कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा व ग्रामप्रिया या जाती त्यातून आल्या. रंगीत पिसे व काटक शरीर हे गावठी कोंबडीचेच गुण त्यांत जपले आहेत. परंतु खुडूकपणा त्यांत जवळजवळ नाही. पिल्लांसाठी त्याही उबवणी केंद्रावर अवलंबून आहेत.

दुसऱ्या बाजूने बाजाराने कडकनाथला उचलून धरले. झाबुआच्या भिल्ल-भिलाला समाजाने जोपासलेल्या या काळ्या कोंबडीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर वर्षभरातच, २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या गुंतवणूक योजनेतून फसवणूक झाल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी केल्या. परिसराचा विचार न करता केवळ नावावरून जात निवडली की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

रोगाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतातील कोंबड्यांमधील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. व्यापारी शेडमधील पक्ष्यांबरोबर आसपासच्या परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली बुसरा ही देशी जात याच नंदुरबार-नवापूर व लगतच्या गुजरात पट्ट्यातील आहे, ही गोष्ट त्या वेळी क्वचितच कोणाच्या ध्यानी आली असेल. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे घरगुती कोंबड्यांत हाच रोग आढळला. नेरूळच्या दृष्टीने हे अंतर फार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'उत्तम जात' ही कालनिरपेक्ष संकल्पना नाही. निकष कोण ठरवितो यावर उत्तर अवलंबून असते.

२. नेरूळ-उरण पट्ट्यात ज्या घरांना अद्याप अंगण आहे, त्यांनी लहान कळपासाठी पाच-सहा गावठी कोंबड्या व एक कोंबडा यांस प्रथम पसंती द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण स्वतःची पुढील पिढी स्वतः निर्माण करणारी हीच कोंबडी आहे. केवळ अंडी हवी असल्यास ग्रामप्रियासारखी जात योग्य ठरेल. मात्र ती स्वतंत्र ठेवावी, अन्यथा खुडूकपणाचा गुण दोन-तीन पिढ्यांत पातळ होतो. जेथे अंगण नाही तेथे कोणतीच जात योग्य नाही.

३. मानमोडीची लस, वन्य व स्थलांतरित पक्ष्यांपासून खाद्य-पाण्याचे संरक्षण आणि अचानक मरतुकीची त्वरित खबर, या तीन गोष्टी कोणत्याही जातीस अनिवार्य आहेत.

४. गावठाणातील ज्येष्ठ स्त्रियांकडे कोंबडीची पारख करण्याचे जे ज्ञान आहे, त्याची लेखी नोंद झालेली नाही. जमिनीचा इतिहास सात-बारा उताऱ्यातून शोधता येतो. परसाचा इतिहास केवळ स्मृतीत आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांत हा विषय घेतल्यास ती नोंद आजही शक्य आहे. ही पिढी गेल्यावर ती शक्य राहणार नाही.